भिंती नसलेली टाकी

...आणि भरलेला, तोही अर्धाच. बर्फाचा ट्रे — पांढऱ्या प्लास्टिकचा, चौदा खणांचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला — फ्रीजरमध्ये असायचा तो ओट्यावर, शेगडीपासून वीतभर अंतरावर, आणि सकाळचे सहा वाजले तरी त्यातलं पाणी पाणीच. म्हणजे भरला, आणि आत ठेवायला विसरला. भरला हेच नवल म्हणायचं, कारण एरवी नवरा शेवटचा एक खडा शिल्लक ठेवून ट्रे आत सरकवून देतो, संपवला असं कुणी म्हणू नये म्हणून. एक खडा. तेवीस वर्षांचा संसार, आणि त्यात माझ्या वाट्याला... तिने ट्रे उचलला, सवयीने तिरका केला. पाणी एका बाजूला धावलं नाही. प्रत्येक खणातलं पाणी आपापल्या खणात किंचित कलून गप्प राहिलं. चहाच्या आधीच तिला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. मग तिने ट्रे सिंकमध्ये उपडा केला.

आज शनिवार. संध्याकाळी पाचला त्याची पाणबुडी पाण्यात उतरणार होती. खरी नव्हे, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाला खरी पाणबुडी कोण बांधायला देतो, कॉम्प्युटरवरच्या गेममधली. पण ज्यांनी तो गेम खेळलेला नाही त्यांनी उगाच नाक मुरडू नये. तिथे आयती गाडी कुणी हातात देत नाही. ट्रक हवा तर ट्रक बांधा, बोट हवी तर बोट, एकेक पत्रा, एकेक पाइप, पंप, वायर, आणि बांधण्यात चूक असेल तर सगळं तुमच्या डोळ्यांदेखत कोलमडतं. चार महिने तो बांधत होता. पुढे चष्म्यासारखी गोल काच, काचेमागे चालवणाऱ्याची जागा, म्हणजे त्याची, आणि पार मागे शेपटाकडे पंपखोली, तिथे ती. गेम खेळणाऱ्या त्यांच्या गटात सगळे तिला पंपवाली म्हणतात. हे नाव त्यानेच पाडलेलं.

दहा दिवसांपूर्वी गेममधलं पाणी बदललं. आधी ते पाणी नव्हतंच, आकडा होता: टाकीत चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के, टाकी कशीही वाकडी करा, वजन आपलं मधोमध बसून राहायचं. नव्या अपडेटनंतर पाणी वाहायला लागलं. उताराकडे धावतं, भिंतीवर आपटतं, फटीतून झिरपतं, कोंडलेली हवा दाबतं. आणि याच्या पाणबुडीच्या पोटात, नाकापासून शेपटापर्यंत, बारा मीटर लांबीची एकच टाकी, आत एकही भिंत नाही. ती अर्धी भरली आणि नाक बोटभर जरी खाली गेलं, की सगळं पाणी नाकाकडे धावणार, नाक आणखी जड, आणखी खाली, मग आणखी पाणी... पुढचं सांगायला ज्योतिषी नको. टाकीत चार आडव्या भिंती घातल्या की प्रश्न मिटला. अर्ध्या तासाचं काम. हे तिला अपडेटच्या पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, कारण पाणी, टाकी आणि दाब यांच्यात ती गेली एकवीस वर्षं पगार घेऊन राहते. आणि तिने ते सांगितलं नव्हतं.

मी का सांगू? सांगून सांगून जीभ झिजली. बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा पडतोय हे सांगितलं होतं — मिस्त्रीसमोर, तांब्याभर पाणी ओतून दाखवलं होतं — तेव्हा याने मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने याच्याकडे, आणि दोघांनी मिळून ठरवलं की बाईमाणसाला काय... तसं म्हणाले नाहीत, तसं बघितलं. नऊ वर्षं झाली. दाराशी अजून पाणी साचतं, आणि हा रोज त्यावरून टुणकन उडी मारून जातो, जणू ते डबकं बिल्डरने घराबरोबर भेट दिलंय. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं तरी किती. तेव्हा या खेपेला तिने स्वतःशी पैज लावली. मंगळवारी साहेबांनी पत्र दिलं होतं: कंपनीच्या दुसऱ्या प्लांटवर तपासणीची प्रमुख म्हणून बदली, इथून सहा तासांच्या अंतरावर, राहायला क्वार्टर, एकटीला पुरेसं. उत्तर सोमवारी दहाच्या आत. घरात तिने अवाक्षर काढलं नव्हतं. पैज अशी: शनिवारी पाचच्या आत त्याने एकदा, फक्त एकदा, विचारलं — तुला काय वाटतं, टाकी बरोबर आहे ना — तर सोमवारी नाही म्हणायचं. नाही विचारलं, तर पाणबुडी बुडू द्यायची आणि हो म्हणायचं. पैज एकटीची असली की सोय असते, समोरचा हरला तरी त्याला पत्ता लागत नाही.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा ती डबा भरत होती.

"आज अर्धाच दिवस ना?"

"हं."

"पाचला वेळेवर बस. आजोबा चौदा जणांना घेऊन येतोय बघायला."

आजोबा म्हणजे त्यांच्या गटातला एक पंचविशीचा पोरगा, सारखा खोकतो म्हणून आजोबा. ती म्हणाली, बसेन. तो तिथेच उभा राहिला. ओट्याकडे बघितलं, मग सिंककडे.

"ट्रे..."

"रिकामा केला. रात्रभर बाहेर होता."

"बरं," तो म्हणाला, आणि तरी हलेना. विचार, ती डब्याचं झाकण दाबत मनात म्हणत होती, तोंड उघड मेल्या, तीन शब्द आहेत, तुला-काय-वाटतं... तो वळला. डबक्यावरून उडी मारल्याचा आवाज आला, मग नळ.

कारखान्यात आज एकच टाकी होती. माणसाच्या दीडपट उंचीची, जाड पोलादाची, गॅस भरण्यासाठी जाणारी. तिचं काम एका ओळीत सांगण्यासारखं: टाकी पाण्याने भरायची, पंपाने दाब वाढवायचा, जितका दाब ती आयुष्यात सोसणार त्याच्या दीडपट, आणि मग अर्धा तास थांबायचं. गेजचा काटा जागेवर राहिला तर टाकी पास. सरकला तर कुठेतरी गळतंय. पण दाब देण्याआधी वरची तोटी उघडून आतली हवा पूर्ण काढायची, बुडबुडा येईनासा होईपर्यंत, पाण्याची नुसती सरळ धार लागेपर्यंत. यात ती कुणाचं ऐकत नाही. पाण्याने भरलेली टाकी फुटली तर पाणी सांडतं. हवा कोंडलेली टाकी फुटली तर माणूस मरतो. नव्या लोकांना ती हे पहिल्या दिवशी सांगते, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारते.

वेल्डर टाकीला वळसा घालून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. साठीला आलेला माणूस, कमी बोलणारा.

"मॅडम, खालच्या तोंडाजवळचा जोड जरा नीट बघा. तिथं माझा हात हलला होता."

"मग तेव्हाच घासून परत का नाही मारलात?"

"हलला होता का नुसतंच मन खात होतं, तेच कळेना. म्हटलं तुम्ही बघाल. सांगून टाकलं की बरं."

सांगून टाकलं की बरं. ती वाकली, बॅटरी मारली, आणि जोडाच्या कडेला पाण्याचा एक थेंब होता, मोहरीएवढा, पुसला की परत यायचा. तिने खडूने गोल केला. वेल्डर नुसता "हं" म्हणाला आणि ग्राइंडर आणायला निघून गेला — ना शरम, ना सारवासारव, एकवीस वर्षांत असा माणूस तिला तिसरा भेटला असेल — आणि कारण नसताना तिला त्याचा संताप आला. किती सोपं करून ठेवतात काही लोक. यांना कुणी कधी हसलेलं नसतं.

हसण्याची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. त्याच्या दुकानातल्या मित्राकडे जेवायला गेले होते, आठ-दहा माणसं होती, कुणीतरी कौतुकाने विचारलं, वहिनी, तुम्ही काय करता, आणि तिने तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "हिचं काम आरामाचं. दिवसभर एका काट्याकडे बघत बसायचं." सगळे हसले. तीही हसली असणार, ताटातल्या भातात बोटं फिरवत... फुटली तर माणूस मरतो, हे वाक्य तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. आणि घरी येताना रिक्षात ठरवलं: बरं. काट्याकडे बघते ना मी? मग यापुढे बघतच बसते. तेव्हापासून ती बघत होती. गाडीचा टायर झिजलेला बघितला, सांगितलं नाही, घाटात पंक्चर झाला. कर्जाच्या कागदातली चुकीची तारीख बघितली, सांगितली नाही, तीन खेटे पडले. प्रत्येक वेळी मनाच्या आत कुठेतरी थंडगार वाटलं. लोक म्हणतात, एखाद्याला पाण्यात पाहणं. चार वर्षं ती नवऱ्याला तसं बघत होती आणि वर त्याला डबाही देत होती.

साहेब जाता जाता म्हणाले, "मॅडम, सोमवारी?"

"सोमवारी सांगते, साहेब."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. गुरुवारची संध्याकाळ उगाचच आठवली. तो तिच्या खोलीच्या दारात आला होता, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत. "टाकी जरा लांबच झाली," असं म्हणाला होता, आणि दाराच्या चौकटीला टेकून चष्मा पुसतच राहिला. काचा घासण्यात जन्म गेला त्याचा, त्याला माहीत असतं की सदऱ्याने काच पुसू नये. ती "हं" म्हणाली होती. थोडा वेळ थांबून गेला. हे विचारणं झालं का? नाही. हे नुसतं बोलणं. माणूस पावसापाण्याबद्दलही बोलतो. पैजेत विचारणं ठरलं होतं, आणि आपला नियम आपणच वाकवायचा म्हणजे... बसने करकचून वळण घेतलं, पुढच्या बाईच्या पिशवीतली बाटली घरंगळत चाकाच्या उंचवट्यापर्यंत गेली, थांबली, परत आली. ती बघत राहिली. घराशी उतरली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. अजून पंचावन्न मिनिटं होती त्याच्याकडे.

त्यातली पंचेचाळीस त्याने आपल्या खोलीत दार लोटून घालवली. एकदा पाणी प्यायला बाहेर आला. तिच्यासमोर उभं राहून पेला संपवला, पेला खाली ठेवला, म्हणाला, "तर मग," आणि आत गेला. तर मग! या दोन शब्दांवर माणसाने काय करायचं? ती आपल्या खोलीत गेली, हेडफोन चढवला. पाच वाजले. घड्याळातला काटा बाराशी आला तसं तिच्या छातीतलं काहीतरी मोकळं झालं, म्हणजे तिला तसं वाटलं. हरलास, ती मनात म्हणाली. गेलं आता सगळं तुझ्या हातातून.

दोन खोल्या, मध्ये एक भिंत. गेममध्ये तो बोलला की आवाज आधी भिंतीतून यायचा, मऊ, आणि क्षणभराने हेडफोनमधून, स्पष्ट. "पंपखोली तयार?" ... पंपखोली तयार? "तयार," ती म्हणाली. वर पाण्यावर चौदा जणांच्या होड्या गोल करून उभ्या होत्या, आजोबा खोकत खोकत सगळ्यांना पाणबुडीचं माप सांगत होता. "टाकी भर, चाळीस टक्के." तिने झडप उघडली. पाणी आत येण्याचा आवाज नव्या अपडेटमध्ये सुरेख केला होता, खरोखरचा, पोटातून घरंगळणारा. पाणबुडी बसली, गोल काचेवरून पाणी वर चढलं, बाहेरचं निळं गडद झालं, होड्यांचे तळ दिसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाच मीटर, आठ, अकरा. मग नाक किंचित खाली झुकलं.

आता. पायाखाली पाणी धावल्याचा आवाज झाला. तिच्या समोर लाल बटण होतं: कोंडलेली हवा टाकीत सोडून सगळं पाणी बाहेर फेकणारं. पहिल्या दहा सेकंदांत दाबलं असतं तर पाणबुडी बुचासारखी वर आली असती. बोट बटणावर होतं. तिला माहीत होतं दहा सेकंद किती लांब असतात, तिच्याएवढं कुणाला माहीत असणार. तीन. चार. नाक आणखी खाली. भिंतीपलीकडून त्याच्या खुर्चीचा आवाज आला, पण तो ओरडला नाही, काही म्हणाला नाही, आणि हे तिला विचित्र वाटलं. सात. आठ. सांगून टाकलं की बरं... नऊ. तिने बोट उचललं.

पाणबुडी नाकावर उभी राहून खाली गेली. साठ मीटरवर तळ होता. गोल काच तळावर आपटून फुटली, पाणी पुढून घुसलं आणि शेपटाकडे चढत आलं, आणि त्या पाण्यातून पोहत त्याचा गेममधला माणूस पंपखोलीत आला, तिच्या माणसाशेजारी उभा राहिला. पाणी छातीपर्यंत चढलं आणि थांबलं. हेही बरोबर होतं: साठ मीटरवर कोंडलेल्या हवेचा सातवा हिस्सा उरतो, तिथे ती बाहेरच्या पाण्याइतकीच दाबलेली असते, मग पाणी आत येत नाही. भोक तसंच उघडं असतं. पंपखोलीत दोन गेज होते, एक आतल्या दाबाचा, एक बाहेरच्या, आणि दोन्ही काटे, वरच्या हवेचा एक न मोजता, सहावर येऊन निश्चल झाले.

"अरेरे," आजोबा वरून म्हणाला. "काका, काय झालं?"

"सांगतो नंतर," तो म्हणाला, आणि सगळ्यांचे आवाज बंद केले. आता दोघंच उरले. ती वाट बघत होती. आदळआपट होईल, पंपावर खापर फुटेल, अपडेट करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल. यातल्या प्रत्येकावर तिचं एकेक वाक्य धार लावून तयार होतं.

"सकाळी ट्रे बघितलास ना?" तो म्हणाला.

तिने हेडफोन कानाशी दाबला.

"मुद्दाम ठेवला होता ओट्यावर. अर्धा भरून. म्हटलं उचलशील, तिरका करशील, तुझ्या लगेच लक्षात येईल. मग येऊन दोन शिव्या घालशील आणि म्हणशील, अरे, टाकीत भिंती घाल."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बुधवारी कळलं. गुरुवारी तुझ्या दारात आलो होतो, तर तू हं म्हणालीस."

"मग घालायच्या होत्यास भिंती. अर्ध्या तासाचं काम."

"वीस मिनिटांचं," तो म्हणाला. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणात काहीतरी बोचरं होतं, तिच्या ओळखीचं, तिच्या स्वतःच्या आवाजात असतं तसं. "घालणार होतो. मग म्हटलं बघू तरी. टायरच्या वेळी बघितलंस, बँकेच्या वेळी बघितलंस. म्हटलं, हिला मी बुडताना किती खोलपर्यंत बघवतं ते एकदा कळू दे."

"साठ मीटर," ती म्हणाली.

तो हसला की खाकरला ते भिंतीतून कळलं नाही.  त्यालाही चार वर्षं माहीत होतं... टायर, बँक, सगळं. माहीत असून झिजलेल्या टायरवर आपल्याला घेऊन घाटात गेला होता की नंतर कळलं होतं, हे विचारावंसं तिला वाटलं, आणि विचारलं नाही. तिला वाटलं होतं हा काटा आपण बघतोय. पलीकडच्या बाजूने कुणी तोच काटा बघत असेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

"बुधवारी तुझ्या साहेबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुझा लागत नव्हता म्हणून माझ्यावर केला. मला म्हणाले, अभिनंदन." थांबला. "तेपण म्हटलं तू सांगशील."

पर्समध्ये पत्र होतं, चार घड्या घातलेलं. 

"जाणार आहेस?"

आवाज आधी भिंतीतून आला, मग कानात. जाणार आहेस? एकच प्रश्न, पण दोनदा विचारल्यासारखा. पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. नियमाप्रमाणे उशीर झाला होता, पैज संपली होती, ती जिंकली होती — आणि त्याने टाकीबद्दल विचारलंच नव्हतं, हे भलतंच काहीतरी विचारलं होतं. त्याने न विचारल्याचं उत्तर मंगळवारपासून तयार होतं, शब्दन् शब्द पाठ. विचारलं तर त्याला काय म्हणायचं, याचा तिने एकदाही विचार केला नव्हता. म्हणजे तो विचारेल असं तिने कधी धरलंच नव्हतं. म्हणजे पैज लावली तेव्हाच... तिला राग येत होता, नेहमीचा, भरवशाचा राग, पण तो नवऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा, आणि परत येताना तिला त्यात वेल्डरचा चेहरा दिसायचा, खडूच्या गोलाकडे बघून नुसता "हं" म्हणणारा.

पडद्यावर दोन माणसं छातीभर पाण्यात उभी होती. दोन्ही काटे सहावर. हे असं किती वेळ राहू शकतं ते तिला ठाऊक होतं: कुणी काहीच केलं नाही तर कितीही वेळ. दिवसभर एका काट्याकडे बघत बसायचं, तो म्हणाला होता, आणि लोक हसले होते, आणि तिने चार वर्षं ते वाक्य खरं करून दाखवलं होतं.

पलीकडे खुर्ची करकरली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, म्हणजे आता तो जे बोलेल ते एकदाच ऐकू येईल. कान उघडे पडल्यासारखे वाटले. तिला भीती वाटत होती, त्याची नव्हे. तोंड उघडलं तर आपल्या आतून आधी काय बाहेर पडेल, त्याची.